शिवेवरच्या दगडापासून: इंग्लंडमधल्या एका गावाचा इतिहास कसा शोधावा

मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी इंग्लंडला येणारे माझ्यासारखे आई-वडील आता पुष्कळ झाले आहेत. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग सगळी कामावर, नातवंडं शाळेत आणि दुपार सरता सरत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जवळचं एखादं खेडं धरा आणि त्याचा इतिहास शोधायला लागा. त्याला फर्डं इंग्रजी लागत नाही. चालायची तयारी, एक जाड वही आणि चिकाटी एवढं पुरतं.

मी भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षं भूकरमापक होतो. वाई, जावळी, कोरेगाव असे तालुके पायांखालून गेले. लेक शेफील्डला असते. तिच्या घरून बसने सुमारे तासाभरावर डर्बीशर परगण्यात ईम नावाचं गाव आहे. स्पेलिंग ई-वाय-ए-एम असं असल्यामुळे आपण ‘इयाम’ म्हणतो. तिथली माणसं ‘ईम’ म्हणतात. हे पहिल्या दिवशीच शिकून घ्या, कारण गावाचं नाव गावकऱ्यांसारखं उच्चारलं की समोरचा माणूस दोन वाक्यं जास्त बोलतो.

या गावाची हकीकत थोडक्यात अशी. १६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग होता. ईममधल्या शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून त्याच घरात राहणाऱ्या जॉर्ज विकर्सने ते विस्तवापुढे वाळत घातलं. ७ सप्टेंबरला तो दफन झाला. हिवाळ्यात साथ मंदावली, पण १६६६ च्या उन्हाळ्यात पुन्हा उसळली. जून महिन्यात गावचा पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, पदावरून काढून टाकलेला पाद्री थॉमस स्टॅन्ली या दोघांनी गावाला एक गोष्ट मान्य करायला लावली: शिवेबाहेर कोणी जायचं नाही आणि बाहेरच्या कोणी आत यायचं नाही. साथ नोव्हेंबरपर्यंत चालली. सव्वा वर्षात गावाची सुमारे २६० माणसं गेली. आसपासच्या गावांत मात्र ती पसरली नाही.

एवढं कुठल्याही फलकावर वाचायला मिळतं. त्याच्या पलीकडे कसं जायचं ते आता सांगतो.

नकाशा आधी, गाव नंतर

गावात पाऊल टाकण्याआधी जुना नकाशा पाहा. इंग्लंडचे सरकारी मोजणीचे नकाशे काढणारं ऑर्डनन्स सर्व्हे हे खातं १७९१ पासून चालू आहे. एकोणिसाव्या शतकातले त्यांचे मैलाला सहा इंच आणि मैलाला पंचवीस इंच या प्रमाणांचे नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आजच्या उपग्रहचित्रावर जुना नकाशा ठेवून एक पट्टी सरकवली की कुठला बांध राहिला, कुठली वाट मोडली, कुठली विहीर बुजली हे दिसतं. पंचवीस इंची नकाशात एकेक शेत, एकेक झाड, गावातला पाण्याचा पंपसुद्धा दाखवलेला असतो. माझ्यासारख्या माणसाला तो नकाशा पाहून भरून येतं. आपल्याकडच्या टिपणवह्या काढणाऱ्यांच्याच शिस्तीची ती माणसं होती.

नकाशावर पहिली गोष्ट शोधायची ती गावाची शिव. तिथे गावाला पॅरिश म्हणतात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. नकाशात तिची हद्द ठिपक्यांनी दाखवलेली असते. ती ओढ्यावरून जाते की डोंगराच्या धारेवरून, एखाद्या दगडापाशी अचानक का वळते, हे पेन्सिलीने वहीत उतरवा. ईमच्या उत्तरेला ईम एज नावाचा उंच कडा आहे आणि दक्षिणेला स्टोनी मिडलटनची खोल दरी. जुन्या इंग्रजीत या गावाच्या नावाचा अर्थ ‘बेटांपाशी’ असा निघतो, म्हणजे ओहोळांच्या मधली उंच जमीन. नकाशात ओहोळ पाहिले की नाव पटतं.

दुसरी वस्तू म्हणजे टाइद नकाशे. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दशांश. १८३६ च्या कायद्याने तो धान्याऐवजी पैशात द्यायचा ठरला आणि त्यासाठी हजारो पॅरिशमधली शेतं मोजली गेली. नकाशाबरोबर एक तक्ता असतो: मालकाचं नाव, कसणाऱ्याचं नाव, शेताचा नंबर, शेताचं नाव, पीक, क्षेत्र, आकार. सातबारा वाचलेल्या माणसाला तो तक्ता समजावून सांगावा लागत नाही. अडतं फक्त क्षेत्रापाशी, कारण ते एकर, रूड आणि पर्चमध्ये लिहिलेलं असतं. त्याची किल्ली देतो. चार रूडचा एक एकर, म्हणजे एक रूड बरोबर दहा गुंठे. चाळीस पर्चचा एक रूड, म्हणजे चार पर्चचा एक गुंठा. बरोब्बर, शिल्लक काही नाही. याचं कारण आमची जुनी साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची आणि त्यांची सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची. त्यांची निम्मी केली की आपली झाली. तेहतीस फूट लांब-रुंद चौकोन तो आपला गुंठा. हे मला सातासमुद्रापलीकडे एका तक्त्यावर बोट ठेवून उमजलं, तेव्हा मी दोन वेळा गुणाकार करून पाहिला.

तक्त्यातलं शेताचं नाव कधीही वगळू नका. आपल्याकडे ‘चिंचेचा माळ’, ‘विहिरीचं वावर’ असतं तशीच त्यांच्याकडे असतात. जिथे खाण होती, चुन्याची भट्टी होती, वध्यस्तंभ होता, ते सगळं घरं पडून गेल्यावरही शेताच्या नावात उरलेलं असतं.

शिवेवर जाऊन उभं राहा

आता चालायला लागा. बस चौकात सोडते. आगगाडीने यायचं तर जवळचं स्टेशन ग्रिंडलफर्ड, तिथून चढ आहे. गावात शिरल्यावर सगळे चर्चकडे वळतात. तुम्ही आधी शिवेकडे जा. गावाचं मधलं सगळं बदलतं, शिव सावकाश बदलते.

ईमहून स्टोनी मिडलटनकडे जाणारी पायवाट लिडगेट नावाच्या गल्लीतून निघते. लिडगेट म्हणजे गावची वेस. पूर्वी इथे रात्री पहारा असे आणि गावकरी पाळीपाळीने जागत. आपल्याकडे वेसकर हे काम करायचा. गल्लीच्या कडेला एका लहानशा आवारात जॉर्ज आणि मेरी डार्बी या दोघांची १६६६ सालची थडगी आहेत, घरांच्या अगदी लगत. चर्चच्या दफनभूमीत ती का नाहीत, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. उत्तर पुढे येईल.

तिथून कुरणांमधून वाट जाते. इंग्लंडमध्ये खाजगी शेतातून जाणाऱ्या अशा वाटा कायद्याने सर्वांना खुल्या असतात. आपण वहिवाटीचा रस्ता म्हणतो तसाच हा प्रकार. पिवळा बाण दिसला की ती वाट चालायची. फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवा, लावलेलं असेल तर आपल्यामागे लावा. मेंढ्या असतात.

गाव आणि स्टोनी मिडलटन यांच्या मध्ये कुरणात एक बसका दगड आहे. त्याच्या पाठीवर सहा भोकं आहेत. शिव बंद असताना शेजारच्या गावचे लोक इथे अन्न आणि औषधं ठेवून जात. ईमकर भोकांमध्ये व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवत, म्हणजे नाण्याला रोग चिकटून बाहेर जाऊ नये अशी त्यांची समजूत. मी गुडघे टेकून एका भोकात बोट घातलं. कड गुळगुळीत झालेली, तळाशी रात्रीच्या पावसाचं पाणी. आयुष्यभर मी शिवेचे दगड शोधले, कोणी उपटलेले, कोणी सरकवलेले. तंटा नसलेला शिवेचा दगड मला क्वचितच भेटला. या दगडाजवळ कोणी कोणाची जमीन मागत नव्हतं. आत यायचं नाही आणि बाहेर जायचं नाही, एवढाच करार होता आणि तो माणसांनी मरेपर्यंत पाळला.

दगडापाशी उभं राहून दोन्ही गावांकडे पाहा. स्टोनी मिडलटन खाली अगदी हाकेच्या टप्प्यात वाटतं. कागदावर अर्धा मैल वाचणं वेगळं आणि समोरच्या गावातल्या चुलीचा धूर इथून दिसत असणार हे उभं राहून कळणं वेगळं. म्हणून म्हणतो, शिव पायांनी चाला.

गावाच्या दुसऱ्या अंगाला, वर कड्याकडे, मॉम्पेसनची विहीर आहे. खरं तर झराच. तिथेही अन्न ठेवलं जाई आणि नाणी वाहत्या पाण्यात टाकली जात. चॅट्सवर्थच्या वाड्यातून डेव्हनशरच्या अर्लनेही, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराने, गावाला रसद पाठवली. एका बाजूने दगड आणि दुसऱ्या बाजूने झरा, या दोन खुणा नकाशावर मांडल्या की बंद केलेल्या गावाचा घेर हाताला लागतो.

कड्याच्या बाजूला फिरताना वाट सोडू नका. ईम आणि आसपासचा मुलूख शतकानुशतकं शिशाच्या खाणींचा. कुरणात ओळीने उंचवटे आणि खड्डे दिसले तर ती खाणीची शीर समजा. काही जुनी तोंडं वरवर झाकलेली असतात. या खाणींचे कायदे फार जुने. चर्चचं आवार, बाग, रस्ता अशा जागा सोडल्या तर कोणीही माणूस खनिज शोधून हक्क सांगू शकत असे. शिशाचं माप करायचं १५१३ सालचं पितळी भांडं वर्क्सवर्थ या गावी आजही जपलेलं आहे. ईमचा पाद्रीसुद्धा शिशाचा दशांश घेत असे. अठराव्या शतकात कड्याखाली मोठी शीर लागली तेव्हा हे पद चांगलंच सधन झालं. गाव आधी खाणकऱ्यांचं आणि मग शेतकऱ्यांचं होतं हे ध्यानात ठेवलं तर प्लेगच्या हकीकतीतली माणसंही नीट दिसतात. मार्शल हाऊ नावाचा खाणकरी दुसऱ्यांचे मुडदे पुरायचं काम करत होता.

नोंदवही कशी वाचायची

इंग्लंडमधल्या गावांचं भाग्य हे की १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायचा हुकूम आहे. सगळ्या वह्या टिकल्या नाहीत, पण पुष्कळ टिकल्या. ईमच्या वहीचे उतारे छापलेले आहेत, इंटरनेटवर आहेत, आणि चर्चमध्येही प्लेगमध्ये गेलेल्यांची यादी पाहायला मिळते.

वही हातात घेताना तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, ही मूळ आहे की नक्कल? ईमची आज असलेली वही अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तेव्हाचा पाद्री जोसेफ हंट याच्या वेळी जुन्या वहीवरून उतरवलेली आहे. नक्कल करणाऱ्याचा हात चुकतो हे मी जमिनीच्या फाळणीच्या कागदांत शेकडो वेळा पाहिलं आहे. म्हणून एका नोंदीवर इमारत उभारू नका. दरवर्षी वहीची एक प्रत बिशपकडे पाठवायची पद्धत होती. डर्बीशर तेव्हा लिचफील्डच्या बिशपकडे होतं. शोधत असलेल्या गावाची दुसरी प्रत कुठे असेल हा प्रश्न नेहमी विचारा.

दुसरी, साल कधी सुरू होतं? १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. म्हणजे जुन्या वहीत फेब्रुवारी १६६५ असेल तर तो आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १६६६. हे मला माहीत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात मी सगळ्या नोंदी तारखेप्रमाणे लावल्या आणि साथ कापडाचा गठ्ठा यायच्या आधीच सुरू झालेली दिसायला लागली. दोन दिवस मी कागद खालीवर करत होतो. शेवटी गावातल्या संग्रहालयात काम करणाऱ्या एका बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. तुमचे दोन दिवस वाचावेत म्हणून लिहून ठेवतो.

तिसरी, आडनावाचं स्पेलिंग. एकच घर तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. नाव मोठ्याने वाचा. कानाला सारखं वाटलं तर बहुधा घर एकच.

मग आपल्या वहीत घरवार खाती काढा. मी एकेका घराला एक पान दिलं. पहिलं पान शिंप्याचं. जॉर्ज विकर्स ७ सप्टेंबर १६६५. त्याच घरातला छोटा एडवर्ड कूपर २२ सप्टेंबर. त्याचा भाऊ जोनाथन ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्यांची आई मेरी वाचली. तिचा दुसरा नवरा अलेक्झांडर हॅडफील्ड, ज्याच्याकडे कापड आलं तो शिंपी, पुढच्या ऑगस्टमध्ये गेला. समोरचं घर सिडलांचं. ऑक्टोबरात बाप गेला, पोरं गेली. असं पान पान भरलं की ‘२६०’ हा आकडा मिटतो आणि गल्ली दिसायला लागते. महिनावार बेरीजही करा. जुलै १६६६ मध्ये ५६, ऑगस्टमध्ये ७८. ऑगस्टच्या त्या पानावर माझी पेन्सिल थांबली होती.

बेरजा जुळल्या नाहीत तर घाबरू नका. साथ संपल्यावर मॉम्पेसनने पत्रात ७६ घरांमधली २५९ माणसं गेली असं लिहिलं आहे; छापलेल्या पुस्तकांत बहुतेक २६० येतो. गावची एकूण वस्ती जुन्या पुस्तकांत ३५० सांगतात, पण १६६२ पासून चुलीमागे कर होता, त्याच्या याद्यांवरून नंतरच्या अभ्यासकांनी ती बरीच जास्त, दुपटीच्या घरात असावी असं मांडलं. वस्ती दुप्पट धरली तर मेलेल्यांचं प्रमाण निम्म्यावर येतं. गावाचं दुःख त्याने कमी होत नाही, पण खरं काय ते लिहिणाऱ्याला हा फरक टाळून चालत नाही. दोन्ही आकडे लिहा आणि कुठला कुठून आला ते शेजारी लिहा.

दगड आणि वही समोरासमोर

आता चर्चकडे चला. सेंट लॉरेन्सचं चर्च. आवारात आठव्या शतकातला दगडी क्रूस उभा आहे, त्याच्या दांड्याचा एक तुकडा गहाळ आहे. भिंतीवर १७७५ सालची सूर्यघडी आहे. आवारात प्लेगमध्ये गेलेल्यांची थडगी शोधा. जवळजवळ नाहीतच. ठळक एकच आहे, मॉम्पेसनच्या बायकोचं, कॅथरिनचं. ती २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. एवढी माणसं मेली आणि आवारात दगड नाहीत. लिडगेटमधल्या त्या दोन थडग्यांचं उत्तर इथे मिळतं. जूनमध्ये गावाने ठरवलं होतं की आवारात दफन करायचं नाही; ज्याने त्याने आपली माणसं आपल्या परसात, आपल्या शेतात पुरायची. चर्चही बंद केलं आणि प्रार्थना कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर, घर घर अंतर राखून होऊ लागली. जागेवर काय नाही तेही मोजावं, हे मी इथे शिकलो.

गावाच्या पूर्वेला अर्ध्या मैलावर, चढावर, रायली नावाच्या रानातली थडगी आहेत. गोल दगडी कुंपण, आत सात दगड, भोवती कुरण आणि वारा. आता ती जागा जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. माझी नात माझ्याबरोबर होती, नऊ वर्षांची. तिने दगड मोजले, मला नावं वाचून दाखवली. सगळे हॅनकॉक. मग म्हणाली, “आबा, यांच्या आईचं नाव कुठंय?”

मी वही उघडून दाखवली. ३ ऑगस्ट ते १० ऑगस्ट १६६६, आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं. पुरणारी तीच होती. एलिझाबेथ हॅनकॉक. मदतीला कोणी येऊ शकत नव्हतं. ती जगली, म्हणून तिचं नाव दगडावर नाही. पुढे ती शेफील्डला शिकाऊ असलेल्या मुलाकडे गेली असं सांगतात. नात बराच वेळ बोलली नाही. मग आम्ही दोघांनी आणलेल्या दशम्या तिथे न खाता खाली येऊन खाल्ल्या.

दगड पाहताना तारीख, नातं आणि क्रम वहीशी ताडून पाहायचा. जे जुळेल त्यापुढे खूण करा, जे जुळणार नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह. फोटो तिरप्या उन्हात घ्या, सकाळी किंवा संध्याकाळी. झिजलेली अक्षरं तेव्हाच वर येतात. दगड खरवडू नका, खडू फासू नका.

ऐकीव आणि लेखी

मी दोन शाया वापरतो. वहीत, दगडात, पत्रात सापडलं ते निळ्याने. कोणी सांगितलं, फलकावर वाचलं ते लालने. लाल खोटं नसतं. फक्त त्याची वाट वेगळी असते.

ईममध्ये सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एमट सिडल आणि रोलंड टॉर यांची आहे. ती ईमची, तो स्टोनी मिडलटनचा, लग्न ठरलेलं. साथ आल्यावर ते दुरून एकमेकांना पाहून जात. एप्रिल १६६६ पासून ती दिसेना. शिव उघडल्यावर तो पहिला आत आला आणि त्याला कळलं. यातलं एमट एप्रिलच्या अखेरीस गेली हे वहीत आहे, तिच्या घरातली आणखी माणसं गेली तेही आहे. ते निळं. दुरून पाहणं, धावत येणं हे लाल. चर्चमधल्या १९८५ सालच्या रंगीत काचेच्या खिडकीतही ही गोष्ट आली आहे. मी लालमधलं पुसत नाही. गावाने इतकी वर्षं काय जपलं ते त्यात असतं.

इमारतींनाही हाच नियम. ईम हॉल हा गावातला देखणा वाडा; पाहणाऱ्याला वाटतं यानेही प्लेग पाहिला असेल. तो १६७२ च्या सुमाराचा, साथीनंतरचा. दारावरची तारीख, कागदावरची तारीख आणि सांगोवांगी, तिन्ही विचारा.

आणि फलकावर कोणाचं नाव मोठं आहे, कोणाचं लहान, तेही पाहा. मॉम्पेसन सगळीकडे आहे. पण तो १६६४ मध्ये आलेला तरुण माणूस, राजाच्या चर्चचा. गाव मानायचं ते स्टॅन्लीला, ज्याला १६६२ मध्ये नवी प्रार्थनापद्धत न पाळल्याबद्दल पद सोडावं लागलं. दोघांचे विचार जुळणारे नव्हते. दोघं एकत्र उभे राहिले म्हणून गावाने ऐकलं असं माझं मत आहे. मॉम्पेसन पुढे नॉटिंगहॅमशरमधल्या ईकरिंगला गेला. स्टॅन्ली १६७० मध्ये ईममध्येच वारला. स्टॅन्लीबद्दल मुद्दाम विचारा.

माणसांशी बोलताना

गावचं संग्रहालय जुन्या मेथडिस्ट चॅपलमध्ये आहे, १९९४ पासून. तिथली माणसं स्वयंसेवक आहेत. “प्लेगबद्दल सांगा” म्हणालात तर पाठ झालेलं मिळेल. “तुमच्या लहानपणी हा कारखाना कसला होता?” म्हणा. ईममध्ये जोड्यांचे कारखाने होते, रेशमी विणकाम होतं, विसाव्या शतकात खाणीतून फ्लोरस्पार नावाचं खनिज निघत होतं. हे ऐकायला कोणी येत नाही, म्हणून ते मनापासून सांगतात. माझं इंग्रजी सरकारी पत्रापुरतं. तरी एका म्हाताऱ्या खाणकऱ्याने मला अर्धा तास दिला, कारण मी त्याला साखळीबद्दल विचारलं.

आपल्याकडचं सांगायलाही लाजू नका. माझी आजी सांगायची, उंदीर पडला की गाव माळावर जायचं, कुडाच्या झोपड्या घालून महिनामहिना राहायचं. १८९७ चा पुण्याचा प्लेग, घरात शिरून केलेल्या झडत्या, २२ जूनला चापेकरांनी रँडवर झाडलेल्या गोळ्या, आणि त्याआधी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना गेलेल्या सावित्रीबाई फुले, हे मी संग्रहालयातल्या बाईंना सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. सक्तीने केलेली बंदी आणि गावाने आपण होऊन घातलेली बंदी, यांवर आम्ही चहा थंड होईपर्यंत बोललो. त्यानंतर त्यांनी मला घळीकडे जायची वाट स्वतः दाखवली.

जमलं तर ऑगस्टच्या अखेरीस जा. शेवटच्या रविवारी घळीत उघड्यावर प्रार्थना होते. त्याच सुमारास विहिरी सजवतात: लाकडी पाटावर ओली माती थापून तिच्यात पाकळ्या, पानं, बिया एकेक करून दाबत चित्र उभं करतात. रांगोळी घालणाऱ्या हातांना ते काम पाहून लगेच कळतं की बाह्यरेषा आधी, भरणं नंतर. बायको तासभर तिथून हलली नाही. पाटाला हात मात्र लावू नका. माती ओलीच असते.

पुढची पायरी परगण्याच्या दप्तरखान्याची. डर्बीशरचा मॅटलॉकला आहे. आधी कळवून वेळ आणि कागद सांगून ठेवा, ओळखपत्र न्या. आत शाईचं पेन चालत नाही, पेन्सिलच. जनगणनेचे तपशील १८४१ पासून १९२१ पर्यंतचे पाहता येतात. १९३१ चे १९४२ मध्ये आगीत गेले, त्यामुळे त्या दहा वर्षांसाठी दुसरी कागदपत्रं शोधावी लागतात.

परतीची बस शेवटची किती वाजता आहे ते उतरल्याबरोबर पाहून ठेवा. रविवारी गाड्या कमी असतात. अंगात पावसाळी कोट, पायात घट्ट बूट.

माझ्या वहीत शहात्तर पानांपैकी एकोणपन्नास भरली आहेत. येत्या मे महिन्यात पुन्हा जाणार. मॅटलॉकला रायलीच्या रानाचे जुने नकाशे मागवायचे आहेत. हॅनकॉकांचं घर नक्की कुठे होतं ते लावायचं आहे, आणि तिथून त्या सात दगडांपर्यंत किती पावलं होतात ते चालून मोजायचं आहे. नातीने विचारलेल्या नावासाठी त्या पानावर वरची ओळ मोकळी ठेवली होती. तिथे तिने स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहून ठेवलं आहे: एलिझाबेथ.